मानसशास्त्राचं पहिलं पुस्तक काय शिकवतं

तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात मी गेली अनेक वर्षं कला शाखेच्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवते. वर्ग भरू लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मॅडम, तुम्हाला आमच्या मनातलं ओळखता येतं का?’ दुसरा प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही. तास संपल्यावर व्हरांड्यात एखादी मुलगी थांबते आणि म्हणते, ‘माझे काका असं असं वागतात. ते वेड असतं का?’ पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ एवढं उत्तर पुरतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला अख्खं वर्ष लागतं, आणि माझ्या मते या विषयाच्या पहिल्या पुस्तकाचं खरं काम तेच आहे. ज्ञानेंद्रियं, मेंदू, उपचारपद्धती ही प्रकरणं वेगवेगळी छापलेली असतात. पण त्यांतून एक गोष्ट सलग हाती लागते. ज्याला आपण स्वभाव, नाटक, आळस किंवा बाधा म्हणून मोकळे होतो, त्यामागे बहुतेक वेळा शरीरात आणि मनात काहीतरी घडत असतं. ते समजून घेता येतं, आणि समजलं की मदतही करता येते. शिकवता शिकवता जे पटत गेलं, ते क्रमाने मांडते.

१. दिसतं त्यात मेंदूची भर असते

वहीच्या पानावर एक फुली काढा. तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठसठशीत ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा आणि वही हळूहळू जवळ आणा. साधारण तीस सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, जिथून दृष्टीचे मज्जातंतू बाहेर पडतात तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या एद्म मारिओतने हा अंधबिंदू दाखवून दिला.

ठिपका गेला की वर्गात गलका होतो. तेव्हा मी मुलांना त्या जागी काय दिसतं ते बघायला सांगते. आखीव वही असेल तर तिथे भोक दिसत नाही, वहीची रेघ सलग गेलेली दिसते. डोळ्याने जी माहिती दिलीच नाही, ती मेंदूने शेजारच्या रेघांवरून भरून काढलेली असते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

कानाचंही तसंच. १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी एक फिल्म दाखवली. तिच्यात ओठांची हालचाल ‘ग’ची होती आणि आवाज ‘ब’चा जोडला होता. बघणाऱ्यांपैकी बहुतेकांना ‘द’ ऐकू आला. यातली युक्ती ठाऊक असूनही ऐकू यायचं ते येतच राहतं. ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय’ हे वाक्य भावकीच्या भांडणात शेवटचा पुरावा म्हणून येतं. दोन प्रामाणिक माणसं एकच प्रसंग वेगळा पाहू शकतात, त्यासाठी कुणी खोटं बोलावं लागत नाही, हे या प्रयोगानंतर मुलांना सांगावं लागत नाही.

२. बघायलाही शिकावं लागतं

१६८८ मध्ये आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यूने तत्त्वज्ञ जॉन लॉकला एक प्रश्न पाठवला. जन्मांध माणसाला हाताने चाचपून घन आणि गोल ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता नुसतं बघून तो ते ओळखेल का? तीन शतकं तत्त्वज्ञ यावर वाद घालत राहिले.

प्रयोगातून आलेलं एक महत्त्वाचं उत्तर आपल्या देशातलं आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये काम करणाऱ्या पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. उत्तर भारतातल्या, जन्मापासून मोतीबिंदूसारख्या दोषामुळे दृष्टी नसलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करायची आणि ती मुलं बघायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा, असं या कामाचं स्वरूप. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ ते १७ वयाची पाच मुलं होती. शस्त्रक्रियेनंतर लगेच त्यांना हाताने चाचपलेली वस्तू नुसती बघून ओळखता आली नाही. काही दिवसांतच मात्र ती ओळखू लागली.

शिकवताना मी या अभ्यासावर रेंगाळते, कारण यात दोन गोष्टी आहेत. ‘एवढं वय झालं, आता ऑपरेशनचा काय उपयोग?’ असं म्हणून घरात ठेवलेल्या मुलाचाही मेंदू शिकू शकतो. आणि पट्टी निघाल्यावर ‘आता दिसतंय ना, मग ओळख मी कोण?’ असा घाईचा धोशा लावला, तर त्या मुलावर अन्याय होतो. कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलांनाही आवाजांचा अर्थ लावायला महिनोन्महिने प्रशिक्षण लागतं. उपकरण एका दिवसात बसतं, ऐकणं मात्र सरावाने येतं.

३. चवीचा मोठा वाटा नाकाचा, तिखट वेदनेच्या वाटेने

चवीच्या तासाला मी बडीशेप घेऊन जाते. नाक चिमटीत धरून ती चावायला सांगते. जिभेला थोडा गोडवा कळतो, बाकी काही नाही. मग नाक सोडलं की बडीशेपेचा सगळा स्वाद एकदम उसळतो. चावताना सुटणारा गंध घशाच्या मागून नाकात चढतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यात त्याचा मोठा वाटा असतो. कोविडच्या साथीत वास गेलेल्यांना घरचं जेवण बेचव लागत होतं, तेव्हा सुनेच्या हाताला दोष देणारी घरं होती. बिघाड नाकातल्या यंत्रणेत होता, आमटीत नव्हता.

जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा नकाशा अजूनही काही पुस्तकांत दिसतो. १९०१ मधल्या एका जर्मन संशोधनाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला, त्यातून तो रूढ झाला. गोड, आंबट, खारट, कडू आणि जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये दाखवलेली उमामी या पाचही चवी, चवीच्या कळ्या जिथे जिथे आहेत तिथे सगळीकडे कळतात.

मिरचीतलं कॅप्सेसिन मात्र या कळ्यांकडे जातच नाही. उष्णता आणि वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक ग्राहक असतो, त्याला ते चिकटतं. एरवी तोच ग्राहक साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेने जागा होतो. म्हणून लवंगी मिरची चावल्यावर मेंदूकडे तोंड भाजल्याचीच वर्दी जाते, तोंडाचं तापमान वाढलेलं नसलं तरी. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हा ग्राहक शोधला. २०२१ चं नोबेल पारितोषिक त्यांना आणि स्पर्शाच्या दाबाचे ग्राहक शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना मिळालं. डोळ्यांतलं पाणी खरं, घाम खरा, आग खरी, आणि भाजल्याची खूण कुठेही नाही. पुढचा धडा समजायला हे उदाहरण फार उपयोगी पडतं.

४. दुखणं खरं असतं, जखम दिसो वा न दिसो

१९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा एक नवा सिद्धांत मांडला. वेदनेचे संदेश मज्जारज्जूतल्या एका फाटकातून मेंदूकडे जातात. स्पर्शाचे संदेश ते फाटक काही अंशी लोटून घेऊ शकतात, आणि मेंदूही वरून ते उघडू किंवा मिटू शकतो. तपशिलात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मुख्य विचार टिकला. गुडघा आपटल्यावर आई तिथे हात चोळते, त्याचा आराम खरा असतो. भीती, एकटेपणा आणि काळजी यांनी दुखणं वाढतं, तेही खरं असतं.

वेदना मेंदूत घडते याचं सर्वांत ठळक उदाहरण हात किंवा पाय कापावा लागलेल्यांचं. नसलेल्या हाताची मूठ घट्ट आवळली गेली आहे आणि नखं तळव्यात रुतताहेत, असं त्यांना जाणवतं. मूळचे तमिळनाडूचे असलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात अशा रुग्णांपुढे साधा आरसा ठेवला. शाबूत हाताचं प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसेल अशी त्याची मांडणी होती. रुग्णाने शाबूत मूठ उघडली की ‘तो’ हातही उघडल्यासारखा दिसे, आणि काहींची कळ ओसरे. सगळ्यांना गुण आला नाही, तरी वेदनेकडे बघण्याची रीत यातून बदलली.

आपल्याकडे मनाचा ताण अनेकदा अंगदुखी, डोकेदुखी, छातीतली धडधड, थकवा अशा रूपांत दवाखान्यात पोचतो. रिपोर्ट नॉर्मल येतात आणि त्या बाईला घरी ऐकवलं जातं, ‘काही झालेलं नाही तुला, कामाचा कंटाळा आहे.’ रिपोर्ट नॉर्मल असणं म्हणजे दुखणं खोटं असणं नव्हे. शोध कुठल्या दिशेने घ्यायचा, एवढंच त्यातून कळतं. हा एक धडा घराघरात पोचला, तर कितीतरी बायकांची निम्मी लढाई वाचेल.

५. मेंदूचे भाग पाठ करण्याआधी माणसं लक्षात ठेवा

मेंदूच्या प्रकरणात नावांची रास असते. मुलं ती परीक्षेपुरती घोकतात. माणसांच्या कहाण्यांतून तेच भाग शिकवले की ते कायमचे राहतात.

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना स्फोट झाला. सुमारे एक मीटर लांबीची, सहा किलोची पहार पंचविशीतल्या फिनिअस गेजच्या डाव्या गालातून शिरून डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, बोलत राहिला. पण जबाबदार मुकादम म्हणून ओळखला जाणारा हा माणूस अपघातानंतर उतावळा आणि शिवराळ झाल्याचं त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर जॉन हार्लो यांनी नोंदवलं. कपाळामागचा मेंदूचा भाग संयम आणि नियोजन सांभाळतो, हे या घटनेवरून शिकवलं जातं. कहाणीचा उत्तरार्ध मात्र सहसा गाळला जातो. गेज पुढे चिली देशात गेला आणि अनेक वर्षं घोडागाडी हाकत होता. प्रवासी, सामान, वेळापत्रक सांभाळण्याचं ते काम. म्हणजे नेमस्त दिनक्रमाच्या आधाराने तो पुष्कळ सावरला असावा. मेंदूला इजा झालेल्या माणसाच्या घरच्यांना हा उत्तरार्ध आवर्जून सांगावा.

दुसरा माणूस हेन्री मोलेसन. १९५३ मध्ये अपस्मार आटोक्यात आणण्यासाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आजूबाजूचा भाग बराचसा काढण्यात आला. झटके कमी झाले, पण नव्या आठवणी साठणं थांबलं. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेची तो अनेक वर्षांची ओळख असूनही दरवेळी नव्याने ओळख करून घेई. तिने त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. आमच्या प्रयोगशाळेतही दर्पणरेखनाचा हा प्रयोग होतो. आरशात बघून हात चालवताना मुलांची तारांबळ उडते आणि सरावाने चुका कमी होतात. हेन्रीच्याही झाल्या, दिवसागणिक. आपण हे पूर्वी केलं आहे, हे मात्र त्याला ठाऊक नसे. हाताची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती या वेगळ्या व्यवस्था आहेत, हे या माणसाने जगाला दाखवलं. २००८ मध्ये तो वारला, तोवर आयुष्यभर तो संशोधकांना सहकार्य करत राहिला.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट मी मुलांना बघायला सांगते. त्यात मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. आजोबा पाच मिनिटांपूर्वीचा चहा विसरतात आणि जुना अभंग अचूक म्हणतात, तेव्हा घरातले म्हणतात, ‘सोयीचं तेवढं बरं आठवतं!’ हेन्रीची कहाणी ऐकलेलं मूल असं म्हणत नाही. ते आजोबांना पुन्हा चहा विचारतं.

६. मेंदूच्या नावावर खपणारा माल ओळखा

‘आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो’ हे दरवर्षी कुणीतरी ऐकून आलेलं असतं. सुमारे १.४ किलोचा हा अवयव शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असतो आणि विश्रांतीच्या वेळी शरीराच्या ऊर्जेतला जवळपास पाचवा हिस्सा वापरतो. त्यातला नव्वद टक्के भाग रिकामा असता, तर पक्षाघाताच्या बहुतेक रुग्णांना काहीच झालं नसतं. डाव्या मेंदूची माणसं हिशेबी आणि उजव्या मेंदूची कलावंत, हीही अशीच अफवा. रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं ते दोन अर्धगोलांमधला जोडपूल कापलेल्या रुग्णांवरच्या कामासाठी. तुमचा-माझा पूल शाबूत आहे आणि दोन्ही अर्धगोल सतत एकत्र काम करतात.

‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गांबद्दल मला जास्त कळकळीने बोलावंसं वाटतं. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचतं, रंग ओळखतं, असा दावा करून पालकांकडून मोठी फी घेतली जाते. मध्यमेंदूकडे डोळ्यांच्या हालचालींसारखी महत्त्वाची कामं आहेत, पण डोळ्यांशिवाय बघण्याची सोय त्यात नाही. पट्टी आणि नाक यांच्यातल्या फटीतून खाली दिसतं, एवढंच ते रहस्य. विवेकवादी कार्यकर्त्यांनी हे अनेकदा उघड केलं आहे. फीचे पैसे बुडतात ते बुडतात, त्याहून वाईट म्हणजे आठ-दहा वर्षांच्या मुलाला आईवडिलांशी खोटं बोलायला शिकवलं जातं आणि त्याबद्दल टाळ्या मिळतात.

७. मेंदू बदलतो, पण वापराने

२००० साली एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूची चित्रं तपासली. शहरातले हजारो रस्ते डोक्यात साठवणाऱ्या या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. पक्षाघातानंतर हात पुन्हा हलवायला शिकणारा माणूस मेंदूच्या या बदलण्याच्या गुणाचाच आधार घेतो. म्हणून फिजिओथेरपीचा कंटाळवाणा सराव सोडू नये.

विद्यार्थ्यांसाठी यातलं व्यवहारी सूत्र असं. धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहावा, थोड्या दिवसांच्या अंतराने परत आठवावा, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झोपावं. शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा हात असतो.

८. उपचारांची नावं अनेक, त्यांची कामाची रीत समजून घ्या

मानसोपचार म्हणजे कुणीतरी शहाण्या माणसाने केलेला उपदेश, असा समज घेऊन मुलं येतात. प्रत्यक्षात त्यांत बारकाईची कारागिरी असते.

१९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर काम केलं. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा दूर ठेवायचा, आणि दर बैठकीला तो झेपेल तेवढाच जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हाताने गोंजारू लागला. वर्गापुढे बोलायला उभं राहिलं की ज्यांचा आवाज जातो, अशा मुलींसोबत मी हीच पायरीपायरीची वाट धरते. आधी बाकावर बसून वाचायचं, मग मैत्रिणीसमोर उभं राहून, मग चार जणींसमोर, आणि शेवटी व्यासपीठावर. एक पायरी सोपी वाटू लागल्याशिवाय पुढची घ्यायची नाही, आणि भीती वाटली म्हणून मध्येच पळायचंही नाही.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी पद्धत मांडली, ती मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती म्हणून ओळखली जाते. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार ठेवला आणि आयुष्यभर ही पद्धत महाराष्ट्रात रुजवली. घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला समज दुःखाला जास्त धार लावतो, हे तिचं सूत्र. ‘मला चांगले गुण मिळावेत’ ही इच्छा निरोगी आहे. ‘मला चांगले गुण मिळालेच पाहिजेत, नाहीतर मी कुचकामी’ ही मागणी माणसाला आजारी पाडते. एलिस स्वतःच्या तरुणपणाची हकिगत सांगत. मुलींशी बोलायची भीती घालवण्यासाठी ते न्यूयॉर्कच्या वनस्पती-उद्यानात रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलत राहिले. फेरफटक्याला सोबत कुणी आली नाही, पण भीती गेली. ॲरन बेक यांनी फिलाडेल्फियात नैराश्याच्या रुग्णांसोबत याच्या जवळची वाट चोखाळली. आपोआप मनात येणारे विचार टिपायचे आणि त्यांना पुरावा मागायचा.

कार्ल रॉजर्स यांचा भर वेगळा होता. समोरच्याला अट न घालता स्वीकारणं, त्याच्या जागी उभं राहून ऐकणं आणि स्वतः खरं असणं यांतूनच बदल घडतो, असं ते म्हणत. पद्धत कोणतीही असो, उपचार करणारा आणि घेणारा यांच्यातला विश्वास परिणामाशी जोडलेला असतो, हे पुढच्या संशोधनात वारंवार दिसलं आहे. म्हणून मी सांगते : एका समुपदेशकाशी जुळलं नाही तर दुसऱ्याकडे जा, उपचारांवर फुली मारू नका.

९. गोव्याने दाखवलेली वाट

२०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. दर दहा प्रौढांमागे सुमारे एकाला त्या वेळी मानसिक आजार होता. आणि आजारांच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. एवढ्यांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ नजीकच्या काळात तयार होणार नाहीत. मग करायचं काय?

विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात स्थापलेल्या ‘संगाथ’ या संस्थेने याचं उत्तर कामातून दिलं. मानसिक आरोग्याचं पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं गेलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना ते सहा ते आठ वेळा भेटत. पद्धत साधी होती. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, माणसं टाळतो, त्यामुळे आनंद मिळण्याच्या जागा आटतात आणि मन आणखी खचतं. म्हणून रोजच्या दिवसात अर्थपूर्ण अशी छोटी कामं पुन्हा पेरायची. शेजारणीकडे जाणं, परसबागेला पाणी घालणं, देवळात किंवा चर्चमध्ये जाऊन येणं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

मला या प्रयोगाचा अतिशय अभिमान वाटतो. ‘उत्साह आला की कामाला लाग’ असं आपण सांगतो, तर या पद्धतीत लहानसं काम आधी येतं आणि उत्साह त्याच्यामागून. आणि हे काम करणारी माणसं रुग्णाच्याच गावची, त्याच्याच बोलीत बोलणारी होती. आपल्या आशाताई, शिक्षक, बचत गटांच्या अध्यक्षा यांच्यात ही ताकद आहे. हवं असतं नेमकं प्रशिक्षण आणि मागे उभा असणारा जाणकार.

१०. औषध, शॉक आणि देवऋषी यांबद्दल सरळ बोला

जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात लिथियमचा उपयोग दाखवला, आणि १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आलं. तोवर तीव्र मानसिक आजार म्हणजे अनेकांसाठी जन्माचा कोंडवाडा होता. आज औषधांमुळे लाखो माणसं घरी राहतात, नोकरी करतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, हे घरच्यांना आधीच सांगितलं पाहिजे. नाहीतर आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद होतात. बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता सोडणं तितकंच धोक्याचं.

शॉक ट्रीटमेंट म्हटलं की सिनेमातलं दृश्य डोळ्यांपुढे येतं. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी ती सुरू केली तेव्हा भूल नव्हती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता ती देण्यावर बंदी घातली आहे. काही काळ विस्मरणाचा त्रास होऊ शकतो. पण अन्नपाणी सोडलेल्या, जिवावर उठलेल्या तीव्र नैराश्यात ती प्राण वाचवते.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला आगीत २८ मनोरुग्ण जळून गेले, कारण त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलं होतं. २०१७ च्या कायद्याने साखळीबंदीलाही मनाई केली. देवऋषाकडे जाणाऱ्या कुटुंबाची मी टिंगल करत नाही. त्यांना माणूस बरा व्हायला हवा असतो आणि जवळ तोच एक दरवाजा उघडा असतो. मी एवढंच म्हणते, ‘देवाला नवस बोला, आणि उद्या सकाळी माझ्यासोबत जिल्हा रुग्णालयातही चला.’ बहुतेक जण येतात.

११. जिवाबद्दल थेट विचारा

‘विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल’ या भीतीने आपण गप्प राहतो. थेट विचारण्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही, हे संशोधनातून स्पष्ट झालं आहे. उलट कुणीतरी ओळखलं, याचा दिलासा मिळतो. निरोपासारखं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं म्हणणं दिसलं की जवळ बसा आणि विचारा, ‘जगणं नको असं वाटतंय का?’ उत्तर ऐकून घ्या. व्याख्यान देऊ नका, त्या व्यक्तीला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते. २०१७ च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे तीव्र ताणाखाली असलेली व्यक्ती म्हणून बघायला सांगितलं आहे. कायद्याने टाकलेलं हे पाऊल आता घरांनी टाकायचं आहे.

१२. निदान तज्ज्ञांवर सोडा, सोबत आपण द्या

पहिलं पुस्तक वाचून झालं की मुलं घरातल्या प्रत्येकाला एकेक आजार चिकटवू लागतात. आईला ओसीडी, भावाला बायपोलर. लक्षणांची यादी वाचून निदान होत नाही. त्रास किती दिवस टिकला, कामावर आणि नात्यांवर किती परिणाम झाला, शारीरिक कारण कोणतं, हे तपासायला अनेक वर्षांचं शिक्षण लागतं. वर्षाअखेर मी मुलांना त्यांच्या वाट्याचं काम सांगते : समोरच्याचा अनुभव आपल्यापेक्षा वेगळा असू शकतो हे मान्य करा, विचारा, पूर्ण ऐका, गरज दिसली तर दवाखान्यापर्यंत सोबत जा आणि उपचार चालू असताना पाठीशी राहा.

एवढं काम करायला पदवी लागत नाही. म्हणूनच हा विषय कला शाखेच्या काही मुलांपुरता राहू नये, असं मला मनापासून वाटतं. पोलिस, परिचारिका, शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतला वसुली अधिकारी यांच्यापुढे रोज अडचणीतली माणसं येतात. त्यांच्या प्रशिक्षणात ज्ञानेंद्रियं, मेंदू आणि उपचार यांची ही प्राथमिक ओळख आली पाहिजे. व्हरांड्यात थांबून काकांबद्दल विचारणाऱ्या मुली प्रत्येक गावात आहेत. त्यांना उत्तर देऊ शकतील अशी माणसंही प्रत्येक गावात तयार करता येतात, आणि ती आपण केली पाहिजेत.